‘लोहार – विळा’ अशी जोडी लावून धंदा कळतो का?



परिसर अभ्यासात व्यवसायांचा घटक आला की आपण बहुतेक जण एकच करतो. भिंतीवर तक्ता लावतो. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, गवंडी. खाली ‘जोड्या लावा’. लोहार – विळा, कुंभार – माठ, सुतार – करवत. पोरं पटापट रेघा ओढतात, आपण बरोबरची खूण करतो आणि घटक संपला म्हणून नोंद करतो. डी.एड. करून नोकरीला लागल्यापासून मीही कितीतरी वर्षे असंच शिकवलं. पाठ टाचणात ‘विद्यार्थी विविध व्यावसायिकांची ओळख सांगतो’ असं उद्दिष्ट लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

आता माझं मत बदललंय. या जोड्यांमधून मुलाला अवजाराचं नाव कळतं, धंदा कळत नाही. धंदा म्हणजे नुसतं काम नाही, कामाचा मोबदलाही त्यातच आला. मोबदला कोण देतो, किती देतो, कशात देतो, काम सोडून दुसरीकडे जायची मोकळीक आहे का, हे वगळून लोहार शिकवला तर मुलाच्या डोक्यात एवढंच बसतं की लोहार नावाचा एक माणूस असतो आणि तो विळा करतो. जणू तो त्यासाठीच जन्मला. आणि हे ‘त्यासाठीच जन्मला’ फार घातक आहे. का, ते पुढे सांगतो.

मला हे सुचलं मोडनिंबात नाही, वेंगुर्ल्यात.

एका दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर कोकणात गेलो होतो. वेंगुर्ल्यात डचांची जुनी वखार आहे. डच म्हणजे हॉलंडचे लोक. आपल्या जुन्या कागदांत त्यांना वलंदेज म्हटलंय. गोव्यात पोर्तुगीज होते, आणि डचांचं त्यांच्याशी हाडवैर. गोव्याच्या तोंडाशी आरमार उभं करून पोर्तुगिजांची वाट अडवायची, तर त्या जहाजांना जवळ कुठंतरी अन्न, पाणी, आसरा पाहिजे. म्हणून १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं वेंगुर्ल्यात ठाणं घातलं. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. पुढे याच वखारीतल्या डचांनी वरिष्ठांना लिहिलेली पत्रं शिवकाळाच्या इतिहासाचं एक साधन ठरली. आज तिथं पडक्या भिंती आहेत आणि भिंतीत शिरलेल्या झाडांच्या मुळ्या. मी चार फोटो काढले आणि शाळा उघडल्यावर चौथीच्या वर्गात मोबाइलवर दाखवले.

“ही वखार कुणी बांधली?” असं मीच विचारलं, आणि मीच सांगितलं, “डचांनी.”

मागच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, “सर, डच गवंडी होते का?”

वर्ग हसला. मीही हसलो. या मुलाचे वडील गवंडीकाम करतात. त्याला खरंच प्रश्न पडला होता. एवढी मोठी भिंत म्हणजे किती माणसांचं काम, किती दिवसांचं, हे वर्गात त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, मलासुद्धा. आपण ‘शाहजहानने ताजमहाल बांधला’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मी त्याला सांगितलं, उद्या सांगतो. तो उद्या बरेच दिवस लांबला, कारण वाचायला घेतलं आणि वाचतच राहिलो.

वाचताना गाडी वेंगुर्ल्याहून आफ्रिकेच्या टोकाला गेली. त्याचं कारण असं, की हॉलंडहून आशियाकडे येणारी याच कंपनीची जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यायची. प्रवास काही महिन्यांचा. वाटेत ताजी भाजी, मांस, पाणी मिळालं नाही तर खलाशी हिरड्या सुजून मरायचे. म्हणून ६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हॅन रिबेक नावाचा कंपनीचा अधिकारी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ उतरला. बरोबर शंभरेक माणसं. आजचं केपटाऊन ते हेच. म्हणजे हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांचा हा धाबाच म्हणायचा. आपण हायवेवरची माणसं, आपल्याला लगेच कळतं. हमरस्त्यावर गाड्या थांबायला लागल्या की आधी चहाची टपरी येते, मग पंक्चरवाला, मग गॅरेज, मग लॉज. केपची वस्तीही तशीच वाढत गेली. आणि ही वस्ती कंपनीची असल्यानं तिथं कोण काय काम करायचं याच्या बऱ्याच नोंदी लिहिलेल्या आहेत. या कंपनीचे जगभर विखुरलेले कागद २००३ साली युनेस्कोनं जागतिक स्मृतीठेव्यात घेतले.

तर या वस्तीत पहिला महत्त्वाचा माणूस कोण? सैनिक नव्हे, माळी. हेंड्रिक बोम त्याचं नाव. कंपनीची बाग त्यानं उभी केली, जहाजांना भाजी मिळाली. त्याच्या बायकोनं गाईंचं दूधदुभतं बघितलं आणि नंतर खाणावळही चालवली. मग सुतार, लोहार, गवंडी, विटा पाडणारे, रोटी भाजणारे, पिंपं करणारे. पिंपं कशाला, असं मुलांनी विचारलंच. जहाजावर पाणी, खारवलेलं मांस, दारू सगळं लाकडी पिंपातच भरायचं. पिंप गळलं तर समुद्रात प्यायला पाणी नाही. म्हणजे पिंप करणाऱ्याच्या हातात सगळ्या जहाजाचा जीव. ‘जोड्या लावा’मध्ये हा माणूस कधी येत नाही.

आता खरी गोष्ट. ही सगळी माणसं काम एकच करत असली तरी त्यांचं जगणं एकसारखं नव्हतं.

पहिले, कंपनीचे नोकर. यांचा करार असायचा. खलाशांचा साधारण ३ वर्षांचा, सैनिक आणि कारागिरांचा ५ वर्षांचा. साध्या सैनिकाला महिन्याला सुमारे ९ गिल्डर पगार, चांगल्या सुताराला त्याहून जास्त. करार संपेपर्यंत सोडून जायचं नाही. निघताना दोन महिन्यांचा पगार आगाऊ. घरी बायको-पोरं असतील तर वर्षाला तीन महिन्यांचा पगार त्यांना मिळावा असा कागद करून ठेवता यायचा. आणि कंपनीत भरती व्हायला आलेला गरीब पोरगा अॅम्स्टरडॅममध्ये जहाजाची वाट बघत जिथं राहायचा, तो लॉजवाला त्याला खायला-प्यायला, कपडे-पेटी द्यायचा आणि त्याच्याकडून कर्जाचा कागद लिहून घ्यायचा. बहुतेक वेळा १५० गिल्डरचा. तो पैसा पुढे पगारातून कापून जायचा. लोक या लॉजवाल्यांना ‘जीव विकणारे’ म्हणत.

मी फळ्यावर लिहिलं, १५० भागिले ९. मुलांनी भागाकार केला. १६ महिने आणि वर ६ गिल्डर उरतात. म्हणजे सगळाच्या सगळा पगार कापला तरी सव्वा वर्षाहून जास्त काळ फुकट राबायचं.

एक मुलगी म्हणाली, “सर, ही तर उचल.”

मला पुढं काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. आपल्या भागात साखर कारखाने आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं कधी दोन-तीन महिने आपल्याच वर्गात बसतात. मुकादम, उचल, कोयता, फिटली नाही तर पुढच्या हंगामात परत, हे शब्द मुलांना जोड्या लावून शिकवावे लागत नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडचा इतिहास चौथीच्या पोरीला एका शब्दात कळला. इतकी वर्षे मी ‘विद्यार्थ्यांना अमूर्त संकल्पना समजत नाहीत’ असं लिहीत होतो!

दुसरे, मोकळे नागरिक. १६५७ साली कंपनीनं ९ जणांना नोकरीतून मोकळं करून जमीन दिली. स्वतः पिकवा म्हणाले. नंतर काही जण स्वतःच्या धंद्यातही पडले. पण पिकवलेला गहू कंपनीलाच विकायचा, आणि भाव कंपनी ठरवणार. इथल्या शेतकरी पालकांना मी हे ऐकवलं तर ते म्हणतील, सर, यात नवीन काय सांगितलं?

तिसरे, तिथले मूळचे रहिवासी. खोईखोई लोक, गुरं-मेंढरं पाळणारे. ज्या कुरणात त्यांची जनावरं चरायची तिथंच या ९ जणांना जमिनी दिल्या. त्यावरून १६५९ मध्ये लढाई झाली. नंतर व्हॅन रिबेकनं हद्दीला कडू बदामाचं कुंपण लावलं. त्यातली थोडी झाडं अजून केपटाऊनच्या बागेत दाखवतात. आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन फिरतात, त्यांना वाट अडवलेलं कुंपण म्हणजे काय ते विचारा. क्रोतोआ नावाची खोईखोई मुलगी व्हॅन रिबेकच्या घरात वाढली आणि दुभाषी झाली. दुभाषी हाही एक धंदाच. तोही आपल्या तक्त्यात नाही.

आणि चौथे, गुलाम. १६५८ पासून जहाजांनी गुलाम आणायला सुरुवात झाली. आफ्रिकेतून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि आपल्या हिंदुस्थानातूनही. बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा. यातले कित्येक पुढे उत्तम गवंडी, सुतार, शिंपी झाले. काही मालक आपल्या गुलाम कारागिराला दुसऱ्याच्या कामावर पाठवायचे आणि मजुरी मालक घ्यायचा. काम तेच, रंधा तोच, पण पैसा दुसऱ्याच्या खिशात. केपटाऊनचा दगडी किल्ला १६६६ ते १६७९ या काळात उभा राहिला. बांधला कुणी? सैनिकांनी, खलाशांनी, गुलामांनी, कैद्यांनी. ‘डच गवंडी होते का’ या प्रश्नाचं वेंगुर्ल्याचं नाही तरी केपचं उत्तर मला मिळालं होतं.

या गुलामांची नावंही बदललेली. बंगालहून आणलेल्या एका बाईची नोंद ‘अँजेला व्हॅन बेंगाल’ अशी आहे, म्हणजे बंगालची अँजेला. आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं, आडनावाच्या जागी मुलूख आला. ती व्हॅन रिबेकच्या घरात होती. १६६६ साली तिला मुक्त केलं, १६६९ साली तिनं लग्न केलं आणि पुढे स्वतःचं घरदार केलं. असं नशीब फार थोड्यांचं. केपमधली गुलामी संपायला १८३४ उजाडलं, आणि त्यानंतरही चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली तेच काम करून घेतलं.

हे सगळं झाल्यावर मी वर्गात चार रकाने आखले. काम काय, मोबदला काय, सोडून जाता येतं का, नाव कुठं लिहिलंय. केपचा सुतार, केपचा गुलाम गवंडी, केपचा माळी, सगळे त्यात बसवले. आणि मग तेच रकाने आपल्या गावाला लावले. खरी परीक्षा इथं होती.

आपण बलुतेदारी कशी शिकवतो? ‘पूर्वी गाव स्वयंपूर्ण होते. बारा बलुतेदार गावाच्या गरजा भागवत. त्याबदल्यात त्यांना धान्य मिळे. सर्व जण गुण्यागोविंदाने राहत.’ हे शेवटचं वाक्य मी स्वतः कित्येक निबंधांत मुलांकडून लिहून घेतलंय. त्याबद्दल मला आता लाज वाटते.

बलुतं म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणे वाटा कमी-जास्त. यादी गावागणिक थोडी बदलायची, पण सुतार, लोहार, चांभार, महार हे सामान्यतः थोरल्या ओळीत, कारण शेतीचं त्यांच्यावाचून अडायचं. सुतारानं नांगर, कुळव, तिफण करायची. लोहारानं फाळ आणि पास शेवटून द्यायची. चांभारानं मोट शिवायची. लाकूड, लोखंड बहुधा शेतकऱ्याचंच, कसब आणि मेहनत बलुतेदाराची. १९१५ साली आलेलं त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ शिक्षकांनी जरूर चाळावं. खळ्यावरची ओढाताण त्यात आहे, गुण्यागोविंद शोधावा लागतो.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं कबूल करतो. बलुत्यात सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाही. काम हक्काचं होतं. गावानं मनात आणलं म्हणून दुसरा लोहार आणून बसवला, असं सहज चालायचं नाही. वतन म्हटलं की ते वारशानं जायचं, त्यावरून भांडणं गोतसभेपुढं जायची. केपच्या नोकराला पाच वर्षांनी काय, हा प्रश्न होता, इथल्या सुताराला तो नव्हता. आणि कसब तर विचारू नका. तिफण बघा. दिंडाला तीन फण ठोकायचे, तिन्हींतलं अंतर सारखं, तिन्हींचा कोन सारखा. वर चाडं, त्याला तीन भोकं, खाली नळ्या. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हातातून ज्वारी तिन्ही नळ्यांत सारखी उतरली पाहिजे. एक फण तिरका लागला तर सगळ्या रानात ओळी वाकड्या, आणि मग कोळपणी करताना पिकावरच पास फिरते. हे सगळं कोनमापक न वापरता. भूमिती शिकवताना मी आता एका शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर पडलेली तिफण मागून आणतो. अजून धड आहे.

पण तिसरा रकाना. सोडून जाता येतं का? सुताराच्या पोरानं सुतारच व्हायचं. आणि काहींच्या बाबतीत तर काम नको म्हणायचीही सोय नव्हती. मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी निरोप घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव पळायचं, हद्द राखायची, आणि मोबदल्यात थोडी वतनाची जमीन आणि भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच, की नेमकं काम किती, वेळ किती, मोबदला किती याला काही सीमा नव्हती. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. मुलांच्या पणजोबांचा काळ. म्हणजे ‘फार पूर्वी’ नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. ही रकान्यांच्या आधीची गोष्ट. एका वर्षी मी गृहपाठ दिला, ‘तुमच्या घराण्याचा पारंपरिक व्यवसाय कोणता?’ मला वाटलं, छान स्थानिक उपक्रम. दुसऱ्या दिवशी पोरं वाचून दाखवत होती. शेती, शेती, सुतारकाम, दुकान. एका मुलीनं पान कोरं ठेवलं होतं. मी म्हणालो, अगं लिही की. तेवढ्यात शेजारचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, “सर, ह्यांचं तर...” आणि पुढे त्यानं जे म्हटलं ते काम नव्हतं, ती जात होती. वर्गात शांतता. मी त्याला रागावलो, पण खरं तर रागवायचं मला स्वतःवर होतं. जात विचारणारा प्रश्न मी ‘व्यवसाय’ नावाच्या कागदात गुंडाळून दिला होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “सर, ते काम सोडून आम्हाला तीन पिढ्या झाल्या. हिचे पप्पा मोटारी भरतात. तुम्ही वहीत परत कशाला लिहून घेताय?”

मी माफी मागितली. त्या बाईंचं वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही. तक्त्यावरच्या चित्रात लोहार कायमचा लोहार असतो. त्यानं काम बदललं, गाव सोडलं, शिकला, असं चित्र नसतंच. म्हणून मी वर म्हणालो, ‘त्यासाठीच जन्मला’ हे घातक आहे. ज्यांनी धडपडून ते सोडलं, त्यांना आपण धड्याच्या निमित्तानं परत तिथंच नेऊन बसवतो.

काही सहकारी मित्र म्हणतात, सर, चौथीच्या पोरांना गुलामी, उचल, जात कशाला? वय काय त्यांचं? माझं उत्तर एवढंच, की ज्या पोराच्या आईबापानं उचल घेतलीय त्याला ती कळलेलीच आहे. ज्या पोरीला शेजाऱ्यानं जातीवरून ओळखलं तिला जातही कळलीय. आपण बोललो नाही म्हणून ती गोष्ट वर्गात नसते असं थोडंच आहे? फक्त ती आपल्याशिवाय शिकवली जाते. दुसरे म्हणतात, मूल्यमापनात हे येत नाही. नाही येत, खरंय. पण भागाकार येतो, तक्ता वाचन येतं, मुलाखत घेणं येतं. १५० भागिले ९ कुठल्याही चाचणीत चालेल.

पालकांचंही एक ऐकायला मिळतं, “पोराला डॉक्टर-इंजिनिअर दाखवा, लोहार-कुंभार कशाला?” यात अपमान आहे तो आपल्याच आजोबांचा, पण त्यामागची भीती मला समजते. पोरगं परत तिथंच अडकेल ही भीती. म्हणूनच तर मोबदल्याचा आणि मोकळिकीचा रकाना पाहिजे.

आपल्याजवळचं उदाहरण द्यायचं तर कुर्डुवाडी आहेच. लंडनमध्ये नोंदलेल्या बार्शी लाईट रेल्वे कंपनीनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. १९०६ साली तीच लाईन मोडनिंबवरून पंढरपूरला पोचली. ज्या रुळावरून आपण आज पंढरपूरला जातो ती वाट या कंपनीची. कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना आला. फिटर, लोहार, सुतार, रंगारी. ही पण कंपनीची वस्तीच, फक्त इथं पाच वर्षांचा समुद्रापारचा करार नव्हता. हातोडा बलुत्यातलाच, पण सुगीला खळ्यावर पाटी घेऊन उभं राहायचं नाही. हजेरी लागते, महिन्याला पगार होतो, पटत नसेल तर सोडता येतं. आमच्या वर्गातल्या दोघा-तिघांच्या घरात कुणी ना कुणी या कारखान्यात होतं. त्यांच्या आजोबांना बोलवायचं ठरलंय, गुडघ्यामुळे येणं लांबणीवर पडतंय.

गृहपाठ आता असा देतो. ‘पारंपरिक’ हा शब्द काढून टाकला. घरातल्या किंवा ओळखीच्या कुठल्याही एका काम करणाऱ्या माणसाला विचारा. तुम्ही काय करता? ते शिकायला किती दिवस लागले? पैसे कसे मिळतात, रोज, आठवड्याला, महिन्याला, की काम झाल्यावर? त्यात सगळ्यात अवघड काय? आणि तुमचं नाव कुठं लिहिलेलं असतं? कुणी वेल्डिंगवाल्याला विचारलं, कुणी ब्लाउज शिवणाऱ्या मावशीला. आईला विचारून आलेली पोरं सगळ्यात जास्त. मोटार भरणाऱ्याच्या मुलीनं तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला चुकलं तर मोटार जळते, हे चित्र काढून आणलं. हो, तीच मुलगी. शेवटच्या रकान्यात बहुतेकांनी रेघ ओढली होती. गवंड्याच्या मुलानं लिहिलं, ‘नाव नाही. पण वडील दाखवतात, हे घर मी बांधलं.’

हंगामात आलेल्या टोळीतला एक मुलगा त्या आठवड्यात आमच्या वर्गात होता. त्यानं आईला विचारलं होतं. पहिल्या तीन रकान्यांत अक्षर वेडंवाकडं, पण सगळं भरलेलं. ऊसतोड. उचल. फिटल्यावर. चौथ्या रकान्यात, नाव कुठं लिहिलंय, त्याखाली त्यानं लिहिलं होतं, ‘मुकादमाच्या वहीत. पप्पाचं. आईचं नाही.’